बिनतारी विद्या आणि एकसामयिक समीकरणें

बीजगणिताच्या तासाला दोन अज्ञातांचीं दोन समीकरणें सोडवितांना पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच प्रश्न कित्येक पालकांच्याहि मनांत असतो. ‘क्ष’ आणि ‘य’ यांच्या किंमती काढून व्यवहारांत काय मिळावयाचें? वाण्याच्या दुकानांत कोणी समीकरणें मांडीत नाहीं, कीं शेताच्या बांधावर बसून कोणी तीं सोडवीत नाहीं. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास समर्पक उत्तर देणें हें शिकविणाऱ्यांचें कर्तव्य आहे. ह्या लेखांत त्याचें एक उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आज घरोघरीं जो मोबाइल दिसतो, त्याच्या पोटांत ह्याच जातीचीं समीकरणें दर सेकंदास लक्षावधि वेळां सोडविलीं जातात. तीं सोडविलीं न जातील तर एकाच मनोऱ्याच्या छायेंत राहणाऱ्या शेंकडों लोकांना एकाच वेळीं चलच्चित्रें पाहणें किंवा दूरच्या आप्ताचें मुखदर्शन घेणें मोठें दुर्घट होईल. हें कसें घडतें तें आतां क्रमाक्रमानें पाहूं.

प्रथम लाटांचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. स्थिर तळ्यांत एक खडा टाकला असतां वर्तुळाकार लाटा पसरतात. थोड्या अंतरावर दुसरा खडा टाकला, तर दोन्हीं लाटा एकमेकींत मिसळतात. जेथें एकीचा माथा दुसरीच्या माथ्यावर पडतो तेथें पाणी दुप्पट उसळतें. जेथें एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर पडतो तेथें पाणी जणूं कांहीं झालेंच नाहीं असें स्वस्थ राहतें. बिनतारी संदेश ज्या विद्युच्चुंबकीय लाटांवरून जातो, त्यांचाहि धर्म हाच. त्यांचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर असतो. सेकंदास २४० कोटी कंपनें होणारी लाट घेतली, तर तिच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचें अंतर, म्हणजे तरंगलांबी, साडेबारा सेंटिमीटर भरतें. घरांतील बिनतारी इंटरनेटच्या पेटींतून निघणाऱ्या लाटा बहुधा ह्याच मापाच्या, किंवा याहून आंखूड असतात.

आतां गांवांतील परिस्थिति पाहा. मनोऱ्यावरून निघालेली लाट सरळ एकाच वाटेनें आपल्या हातांतील यंत्रापर्यंत येत नाहीं. कांहीं भाग सरळ येतो, कांहीं समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आदळून येतो, कांहीं पाण्याच्या टाकीवरून, कांहीं टेकडीच्या कड्यावरून परावर्तन पावून येतो. डोंगराच्या घळींत हांक मारली असतां एका हांकेचे चार प्रतिध्वनि ऐकूं येतात, तसाच हा प्रकार. ह्या निरनिराळ्या वाटांची लांबी सारखी नसल्यामुळें कोणत्या जागीं माथ्यावर माथा पडेल आणि कोणत्या जागीं माथ्यावर खळगा पडेल हें सांगतां येत नाहीं. चार-सहा सेंटिमीटर यंत्र सरकविलें तरी संदेश एकदम क्षीण होतो किंवा एकदम सुधारतो, त्याचें कारण हेंच. मागील पिढींतील ज्या मंडळींनीं लघुलहरींवर परदेशचा रेडिओ ऐकला असेल, त्यांना आवाज हळूहळू बुडत जाऊन पुन्हां वर येत असल्याचें आठवत असेल. तेथें परावर्तन भिंतीवरून नव्हे, तर पृथ्वीच्या वातावरणांतील उंच अशा विद्युद्भारित थरांवरून होत असे. परंतु कारण एकच.

ह्या व्याधीवर पहिला उपाय निघाला तो मोठा सरळ होता. एका जागीं संदेश बुडाला, तरी थोड्या अंतरावर तो त्याच क्षणीं बुडालेला असेलच असें नाहीं. तेव्हां एकाऐवजीं दोन किंवा तीन अँटेना, ज्यांना आपले वडील एरियल म्हणत, एकमेकींपासून दूर उभ्या कराव्या, व जिच्यावर जोर अधिक असेल तिचा संदेश घ्यावा. अमेरिकेंतील बेव्हरेज व पीटरसन ह्या अभियंत्यांनीं अशा व्यवस्थेचें वर्णन १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. हिचा लाभ किती, तें संभवनीयतेच्या साध्या गणितानें कळतें. समजा, एका अँटेनेवर संदेश बुडालेला असण्याचा संभव दहांत एक आहे. दोन अँटेना परस्परांवर अवलंबून नसतील, तर दोन्हींवर एकदम बुडालेला असण्याचा संभव शंभरांत एक, आणि तिन्हींवर हजारांत एक. पुढें असेंहि दिसून आलें कीं, एकच अँटेना निवडून बाकीच्या टाकून देण्यापेक्षां सर्वांचे संदेश एकत्र करणें अधिक हितावह. मात्र ज्या अँटेनेवर संदेश स्पष्ट आहे तिच्या म्हणण्याला अधिक वजन द्यावें, जिच्यावर तो अस्पष्ट आहे तिच्या म्हणण्याला कमी. न्यायाधीश साक्षीदारांच्या जबान्या ऐकतांना करतो तसेंच हें. अर्थात् लाटांचे माथे एकमेकांशीं जुळवून मगच बेरीज केली पाहिजे, नाहीं तर बेरजेचीच वजाबाकी होते.

दुसरा उपाय दिशेचा. अंधारांत कोणी हांक मारली तर ती कोणीकडून आली हें आपण डोळे मिटूनहि सांगूं शकतों, कारण निसर्गानें आपणांस दोन कान दिले आहेत. एका कानाला ध्वनि किंचित् आधीं पोंचतो, दुसऱ्याला किंचित् मागाहून. ह्या सूक्ष्म अंतरावरून व दोन्हीं कानांस ऐकूं येणाऱ्या जोराच्या फरकावरून मेंदु दिशा ओळखतो. अँटेनांची रांग उभी केली तर तेंच करतां येतें. प्रत्येक अँटेनेवर आलेली लाट योग्य तितका वेळ थांबवून धरली व मग सर्वांची बेरीज केली, तर एका विशिष्ट दिशेकडून येणाऱ्या लाटांचे माथे जुळतात व इतर दिशांकडून येणाऱ्या लाटा एकमेकींस बहुतांशीं खोडून टाकतात. पाठवितांनाहि हीच युक्ति उलट्या क्रमानें चालते. दिंडीमध्यें शंभर टाळ एका ठेक्यांत वाजले म्हणजे नाद कोसभर जातो, आणि तेच टाळ जो तो आपल्या लहरीप्रमाणें वाजवूं लागला तर नुसता गलका होतो. एकंदर शक्ति तेवढीच ठेवून ती चार अँटेनांमधून जुळवून पाठविली, तर इष्ट दिशेस चौपट जोर मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनीं तीन अँटेना त्रिकोणांत उभारून १९०५ सालीं असा प्रयोग केला होता. बिनतारी विद्येच्या वाढीबद्दल १९०९ सालचें नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन ह्या दोघांना विभागून मिळालें. पुढें १९३७ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील फ्रिस व फेल्डमन यांनीं सहा अँटेनांची अशी मालिका वर्णिली कीं, जिचा रोख अँटेना जागच्या न हलवितां, केवळ विजेच्या मंडलांतील फेरफारानें, वर-खालीं फिरवितां येत असे.

येथपर्यंत अनेक अँटेना एकाच संदेशाच्या सेवेला लावल्या होत्या. संदेश अधिक खात्रीनें पोंचे. परंतु एका संदेशाऐवजीं दोन संदेश पाठवावे, तेहि एकाच वेळीं व एकाच कंपनसंख्येवर, हा विचार फारसा कोणाच्या मनांत आला नव्हता. तो येण्याची निकड कां पडली, तें सांगणें अवश्य आहे. १९४८ सालीं क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञानें दाखवून दिलें कीं, ठराविक रुंदीच्या पट्ट्यांतून निर्दोषपणें किती माहिती जाऊं शकेल यास एक निश्चित मर्यादा आहे, आणि शक्ति वाढविली तरी ती मर्यादा फार मंद गतीनें वाढते. संदेशाचा जोर गोंगाटाच्या १५ पट असेल तर माप ४ येतें. जोर ३१ पट केला, म्हणजे दुपटीहून थोडा अधिक केला, तर माप अवघें ५ होतें. तें ४ चें ८ करावयाचें असेल तर जोर २५५ पट लागतो; म्हणजे माहिती दुप्पट नेण्यासाठीं खर्च सतरापट! बरें, पट्टा रुंद करावा म्हटलें, तर कंपनसंख्यांचे पट्टे मोजकेच आहेत. रेडिओ, विमानें, जहाजें, सैन्य, सर्वांना त्यांतच वांटा द्यावयाचा. एकाच आडाचें पाणी साऱ्या गांवानें भरावयाचें अशी ही स्थिति आहे.

उलट, तीच शक्ति दोन स्वतंत्र प्रवाहांत वांटतां आली तर? १५ पट जोराऐवजीं प्रत्येकास ७ पट मिळाला, तर प्रत्येकाचें माप ३ येतें, व दोहोंचें मिळून ६. शक्ति वाढविली नाहीं, पट्टा रुंद केला नाहीं, आणि ४ चे ६ झाले. प्रश्न एवढाच कीं, एकाच वेळीं एकाच पट्ट्यांत सोडलेले दोन संदेश हवेंत मिसळून जाणार. ते वेगळे करावयाचे कसे? येथेंच आपलीं एकसामयिक समीकरणें कामास येतात.

समजा, मनोऱ्यावर दोन अँटेना आहेत व आपल्या यंत्रांतहि दोन. मनोऱ्यावरील पहिली अँटेना क्ष हा अंक पाठविते, दुसरी त्याच क्षणीं य हा अंक पाठविते. आपल्या पहिल्या अँटेनेवर क्ष ३ मापानें व य २ मापानें पोंचतो. दुसऱ्या अँटेनेवर क्ष १ मापानें व य ४ मापानें पोंचतो. दोन्हीं अँटेनांवर मिश्रणच येतें. पण दोन मिश्रणें निराळीं आहेत. पहिलीवर १२ व दुसरीवर १४ मिळाले, तर

३क्ष + २य = १२
क्ष + ४य = १४

हीं समीकरणें सोडवून क्ष = २ व य = ३ हें कोणीहि विद्यार्थी सांगेल. यंत्र तरी दुसरें काय करतें? मात्र ३, २, १, ४ हे गुणक यंत्रास आधीं ठाऊक असले पाहिजेत. त्यासाठीं मनोरा मधूनमधून उभयतांना ठरलेला असा ओळखीचा अंक एका वेळीं एकाच अँटेनेवरून पाठवितो. समजा, पहिलीनें १ पाठविला व दुसरी गप्प राहिली. आपल्या अँटेनांवर ३ व १ आले, कीं क्षचे गुणक कळले. मग दुसरीची पाळी. माणूस चालत असतो, वाहनें धांवत असतात, त्यामुळें हे गुणक क्षणोक्षणीं बदलतात, आणि ही मोजणी एका सेकंदांत कित्येकदां करावी लागते. प्रत्यक्षांत हे गुणक साधे अंक नसून प्रत्येकांत लाटेची उंची व तिच्या माथ्याची जागा अशा दोन गोष्टी असतात, म्हणून अभियंते संमिश्र संख्या वापरतात. परंतु रीति हीच.

आतां चौकस विद्यार्थी विचारील कीं, समीकरणें नेहमींच सुटतात काय? नाहीं, आणि ह्या विषयाचें मर्म येथेंच आहे. दुसऱ्या अँटेनेवर क्ष ६ मापानें व य ४ मापानें आला असता, तर दुसरें समीकरण ६क्ष + ४य = २४ असें झालें असतें. तें पहिल्याचीच दुप्पट आहे; त्यांत नवीन कांहींच नाहीं, आणि क्ष व य वेगळे करणें अशक्य आहे. गुणक अगदीं सारखे नसून जवळजवळ सारखे असले तरीहि संकट टळत नाहीं. पहिलें समीकरण तेंच ठेवून दुसरें ३क्ष + २.१य = १२.३ असें घ्या. उत्तर २ व ३ च येतें. पण हवेंत गोंगाट असतो, त्यानें १२.३ च्या जागीं १२.४ झाले, तर उत्तर काय येतें तें पाहा: य = ४ व क्ष सुमारें १.३३! चूक एक दशांशाची, आणि उत्तरांत एकाची उडी. हीच चूक पूर्वींच्या समीकरणांत घालून १४ चे १४.१ केले, तर य = ३.०३ व क्ष = १.९८ येतात, म्हणजे जवळचा पूर्णांक घेतला कीं उत्तर बिनचूक. विद्यार्थ्यांनीं हीं तिन्हीं उदाहरणें वहींत करून पाहावीं अशी आमची शिफारस आहे.

मग गुणक निराळे केव्हां असतात? मोकळ्या माळावर, दूरच्या मनोऱ्यावरून एकाच सरळ वाटेनें लाट येत असेल, तर जवळजवळ असलेल्या दोन अँटेनांवर बहुधा सारखेंच मिश्रण पडतें, आणि समीकरणें सुटत नाहींत. परंतु जेथें भिंती आहेत, इमारती आहेत, दहा वाटांनीं दहा प्रतिध्वनि येत आहेत, तेथें दोन अँटेना अर्ध्या तरंगलांबीइतक्या जरी दूर असल्या, तरी त्यांवरील मिश्रणें बहुधा अगदीं निराळीं असतात. म्हणजे पाहा, ज्या प्रतिध्वनींना अभियंते इतकीं वर्षें शत्रु समजत होते, तेच येथें साह्यकर्ते झाले. त्यांचा नाश करण्याऐवजीं त्यांचा हिशेब ठेवला, एवढाच फरक.

हा विचार स्पष्टपणें मांडणाऱ्यांत दोन भारतीयांचें नांव अग्रभागीं येतें, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस आनंद वाटेल. आरोग्यस्वामी पॉलराज यांचा जन्म १९४४ सालीं तामिळनाडूंतील पोल्लाची येथें झाला. ते भारतीय नौदलांत अधिकारी होते, व समुद्रांतील पाणबुड्यांचा ध्वनीवरून शोध घेणारें यंत्र आपल्या देशांत तयार करण्याच्या कामीं त्यांनीं पुढाकार घेतला होता. पाण्याखालीं अनेक श्रवणयंत्रांवर आलेल्या ध्वनींतून दिशा शोधणें आणि हवेंत अनेक अँटेनांवर आलेल्या लाटांतून संदेश शोधणें, हीं दोन्हीं एकाच गणिताचीं लेंकरें होत. पुढें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत त्यांनीं थॉमस कैलाथ यांच्यासह काम केलें. हे कैलाथ १९३५ सालीं पुण्यास जन्मले, तेथील सेंट व्हिन्सेंट हायस्कुलांत शिकले, आणि पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतून १९५६ सालीं पदवीधर झाले. ह्या दोघांनीं १९९२ सालीं अनेक अँटेनांच्या साह्यानें एकाच पट्ट्यांतून अनेक प्रवाह पाठविण्याच्या युक्तीचें अमेरिकेंत पेटंट मागितलें. तें १९९४ सालीं मिळालें. पॉलराज यांस २०१४ सालीं मार्कोनी पारितोषिक अर्पण करण्यांत आलें. भारत सरकारनें कैलाथ यांस २००९ मध्यें व पॉलराज यांस २०१० मध्यें पद्मभूषण देऊन गौरविलें.

बेल प्रयोगशाळेंतील जेरार्ड फॉशिनी यांनीं १९९६ सालीं ह्याच विषयावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला, आणि १९९८ मध्यें तेथें प्रयोगहि करून दाखविण्यांत आला. त्यांतील एक युक्ति सहज समजण्याजोगी आहे. मिश्रणांतील जो प्रवाह सर्वांत स्पष्ट असेल तो आधीं ओळखावा, त्याचा वांटा मिश्रणांतून वजा करावा, मग उरलेल्यांत जो स्पष्ट होईल तो घ्यावा. कोलाहलांत प्रथम मोठ्या आवाजाच्या मनुष्याचें म्हणणें लक्षांत घेऊन तें बाजूस सारल्यावर इतरांचें ऐकूं येऊं लागतें, तसें. मात्र पहिलाच ओळखण्यांत चूक झाली तर पुढील सर्व वजाबाक्या चुकतात. म्हणून क्रम काळजीपूर्वक निवडावा लागतो.

आणखी एका युक्तीचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं, कारण तिचें सारें सौंदर्य शालेय बीजगणितांत सांठविलेलें आहे. घेणाऱ्या यंत्रांत एकच अँटेना असली तर दोन अज्ञातांसाठीं एकच समीकरण मिळणार. १९९८ सालीं सियावश अलमूटी यांनीं सुचविलें कीं, तेच दोन अंक दोन वेळां, पण पालटून पाठवावे. पहिल्या वेळीं पहिली अँटेना क्ष व दुसरी य पाठवील. दुसऱ्या वेळीं पहिली उणे य व दुसरी क्ष पाठवील. पहिल्या अँटेनेचा गुणक ३ व दुसरीचा २ धरला, तर आपल्या उदाहरणांत पहिल्या वेळीं ३क्ष + २य = १२, व दुसऱ्या वेळीं २क्ष − ३य = −५ मिळतात. आतां पहिल्यास ३ नें व दुसऱ्यास २ नें गुणून बेरीज करा: य आपोआप नाहींसा होऊन १३क्ष = २६ उरतें. पहिल्यास २ नें व दुसऱ्यास ३ नें गुणून वजाबाकी करा: १३य = ३९. हा १३ म्हणजे ३ चा वर्ग अधिक २ चा वर्ग. दोन वर्गांची बेरीज शून्य होण्यास दोन्हीं गुणक शून्य व्हावे लागतात. म्हणून एक वाट सर्वस्वीं बुडाली तरी दुसरीच्या बळावर दोन्हीं अंक सुखरूप पोंचतात. दोन अंकांस दोन वेळां लागत असल्यामुळें येथें माहितीचा वेग वाढत नाहीं. लाभ आहे तो खात्रीचा.

आज ह्या सर्व युक्त्या एकत्र नांदत आहेत. घरगुती बिनतारी इंटरनेटच्या २००९ सालीं मंजूर झालेल्या नियमावलींत अनेक प्रवाहांची सोय झाली. थॉमस मार्झेटा यांनीं २०१० सालीं मनोऱ्यावर अँटेनांची संख्या फारच वाढविण्याचा विचार मांडला; भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पांचव्या पिढीच्या मोबाइल सेवेचा आरंभ झाला, तेव्हांपासून एका चौकोनी फळींत ६४ पर्यंत अँटेना बसविलेले मनोरे आपल्या शहरांतून दिसूं लागले आहेत. अशी फळी एकाच क्षणीं, एकाच पट्ट्यांतून, अनेक माणसांकडे निरनिराळे किरण वळवूं शकते. ह्याला मोल पडतें, हेंहि खरें. प्रत्येक अँटेनेमागें स्वतंत्र विद्युन्मंडल लागतें, गणितासाठीं शक्ति खर्चावी लागते, आणि मोबाइलच्या तळहाताएवढ्या देहांत अँटेनांना जागा तरी किती मिळणार? ह्या अडचणी सोडविण्याचें काम चालू आहे, आणि तें उद्यांच्या अभियंत्यांची वाट पाहत आहे.

विद्यार्थिमित्रहो, दोन समीकरणें सोडवितांना दुसरें समीकरण पहिल्याचीच पट नाहीं ना, हें आधीं पाहावें, असें तुमचे गुरुजी बजावतात, तें केवळ परीक्षेंतील गुणांसाठीं नव्हे. मोठमोठ्या यंत्रांची मदार त्याच एका प्रश्नावर असते. आणि पालकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, पाल्यानें गणिताचा उपयोग विचारला तर त्यावर रागावूं नये. तो प्रश्न शहाणा आहे. पुण्याच्या एका शाळेच्या बांकावर बसून ज्या मुलानें अशींच समीकरणें एकेकाळीं सोडविलीं, त्यास त्यांचा पुढें काय उपयोग होईल हें त्या वेळीं कोण सांगूं शकलें असतें? उपयोग मागाहून येतो. अभ्यास आधीं करावा लागतो.